दगडातलं प्रदर्शन, टाळांवरचा ऑपेरा

कलेसाठी म्हणून मुंबईला गेलेल्या माणसाचे दोन-तीन दिवस सहज भरतात. काळ्या घोड्याला १९५२ सालची जहांगीर आर्ट गॅलरी आहे, शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि चौक ओलांडला की सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून भरलेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. संध्याकाळी गिरगावात जावं तर तिथे रॉयल ऑपेरा हाउस उभं. १९११ साली पंचम जॉर्ज राजाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे तिथे नाटकं आली, सिनेमा आला, मग दारं बंद झाली आणि डागडुजी होऊन २०१६ साली ती पुन्हा उघडली. देशात टिकून राहिलेलं हे एकमेव ऑपेरा हाउस. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतात, तेही पाहता येतात.

आता नकाशावर बोट मराठवाड्यात आणू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके, हळद, सोयाबीन, कयाधू नदीचं पात्र. इथे ऑपेरा हाउस असण्याचा प्रश्नच नाही. पण इमारतीची पाटी बाजूला ठेवून नुसता कलाव्यवहार पाहिला, तर चित्र पालटतं. प्रदर्शन म्हणजे पाहणाऱ्याने चालायचं आणि कलाकृतींनी जागेवर थांबायचं. ऑपेरा म्हणजे पाहणाऱ्याने बसायचं आणि गोष्ट त्याच्यापुढून गात गात जायची. हे दोन्ही प्रकार औंढ्याच्या एकाच आवारात गेली कित्येक शतकं नांदत आले आहेत. एक देवळाच्या बाहेरच्या अंगाला, दुसरा अंगणात. ते कसे चालतात हे कळलं, तर नेहमीचं देऊळ आणि नेहमीचं कीर्तन दोन्ही नव्याने दिसायला लागतात.

चालत पाहायचं दालन

हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटरवर औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांत इथली गणना होते, त्यामुळे येणारा प्रत्येक जण थेट दर्शनाच्या रांगेकडे वळतो. गाभारा जमिनीच्या पातळीखाली. अरुंद वाटेने वाकून, जपून उतरावं लागतं. दर्शन झालं की माणूस घाम पुसत वर येतो आणि प्रसाद घेऊन बाहेर पडतो. खरं प्रदर्शन मात्र बाहेरच्या भिंतींवर मांडलेलं असतं, आणि ते पाहायचं राहून जातं.

आजचं देऊळ यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं मानलं जातं. उंची सुमारे साठ फूट. खालचा काळ्या दगडाचा भाग जुना आहे, वरचा भाग नंतरच्या काळात पुन्हा उभारलेला. या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं आहे. दोन काळांतला सांधा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो: खाली नक्षीने गच्च भरलेला दगड, वर साधी, गुळगुळीत चढण.

आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो, त्या बांधणीत दगडावर दगड बसतो तो चुन्याशिवाय. खाच आणि कूस एकमेकांत अडकतात, बाकीचं काम वजन करतं. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर ही शैली खपते, पण ती त्याच्या आधीपासून चालत आलेली होती. दगड बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा थिजून झालेला. तो कठीण असतो, छिन्नीला सहज दाद देत नाही. पण एकदा कोरला की बोटांची पेरं आणि गळ्यातल्या माळेचे मणी शेकडो पावसाळे धरून ठेवतो.

भिंत कुठेही सरळ सपाट जात नाही, हे आधी लक्षात घ्यायचं. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. नऊवारीच्या निऱ्यांसारखी घडी घडी घातलेली ही भिंत दोन कामं करते. एक म्हणजे तिची लांबी वाढते, त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मूर्ती बसतात. दुसरं काम उजेडाचं. प्रत्येक कोपऱ्याची सावली शेजारच्या मूर्तीवर पडते आणि सूर्य सरकला की सावलीही सरकते. सकाळी अंधारात असलेला चेहरा दुपारनंतर उजळतो. आजच्या गॅलरीत एकेका चित्रावर दिवा रोखतात. इथे एकच दिवा सगळ्या दालनाला पुरतो, फक्त तो फिरता आहे.

मांडणीलाही शिस्त आहे. तळाला पीठ, त्यावर आडवे थर, हत्तींची रांग. डोळ्यांच्या थोडं वर जंघा, म्हणजे मुख्य मूर्तींचा पट्टा. बांधणाऱ्याने पाहणाऱ्याची मानही विचारात घेतलेली आहे: बारीक, वारंवार येणारी नक्षी खाली, आणि गोष्ट सांगणाऱ्या मूर्ती अशा उंचीवर की दोन पावलं मागे सरून त्या पुऱ्या दिसाव्यात. सगळं दालन ज्या वाटेने पाहायचं, ती वाट आपल्याकडे आधीपासून ठरलेली आहे. तिला प्रदक्षिणा म्हणतात. डावीकडून सुरुवात, देऊळ उजव्या हाताला, आणि गोष्टी एकामागून एक समोर येत जातात.

रुसलेली पार्वती, गाणारा रावण

या भिंतीवर नटराज आहे, अर्धनारीश्वर आहे, विष्णूचे अवतार आहेत, नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. अशा स्त्रीमूर्तींना सुरसुंदरी म्हणतात. शिल्पग्रंथांत त्यांची नावं आणि लक्षणं दिलेली आहेत: आरसा धरलेली दर्पणा, पोपटाशी खेळणारी शुकसारिका, पत्र लिहिणारी पत्रलेखा. मराठवाड्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या मंदिरांवरच्या या मूर्तींचा अर्थ लावण्यात मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर यांनी आयुष्य घातलं. देवळावर या बायका कशाला, या प्रश्नाला त्यांच्या लेखनामुळे पुष्कळ उत्तरं मिळाली.

औंढ्याचं खास शिल्प म्हणजे रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर. जगाचा संहार करणारा देव इथे मनधरणी करतो आहे. शिल्पकाराने देवाला घरातला केला, आणि तेही देवळाच्या भिंतीवर, सगळ्यांच्या देखत.

दुसरं शिल्प कैलास हलवणाऱ्या रावणाचं. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग अवाढव्य आकारात कोरलेला आहे, त्यामुळे गोष्ट ओळखीची. गर्वाने फुगलेला रावण कैलास उचलायला जातो, वर बसलेली पार्वती घाबरून शंकराला बिलगते, आणि शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत नुसता दाबतो. रावण खाली अडकतो. दगडातली गोष्ट इथे थांबते, पण कथा पुढे जाते. अडकलेला रावण शिवाची स्तुती गाऊ लागतो. स्वतःच्याच शरीराची वीणा करून, शिरांच्या तारा लावून तो गायला, असंही कथा सांगते. शंकर प्रसन्न होतो आणि त्याला सोडतो. म्हणजे भिंतीवर दिसतो तो प्रसंगाचा पहिला अंक. दुसरा अंक गाण्याचा आहे आणि तो पाहणाऱ्याने मनात पुरा करायचा.

हाच रावण हिंगोली शहरात दरवर्षी जळतो. खाकीबाबा मठाच्या परंपरेतून १८५५ साली सुरू झालेला हिंगोलीचा सार्वजनिक दसरा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. रामलीला मैदानावर उत्तर भारतातून आलेली मंडळी रामलीला करतात, जोडीला प्रदर्शन भरतं, पाळणे लागतात, आणि शेवटी रावणाच्या उंच पुतळ्याला आग लावली जाते. चौपाया गात, मधे संवाद म्हणत पुढे सरकणारं हे नाटक म्हणजे गाऊन सांगितलेली गोष्टच. एका जिल्ह्यात रावण दोन रूपांत भेटतो: औंढ्याच्या दगडात उन्मत्त आणि पुढे गाणारा, हिंगोलीच्या मैदानात लढणारा आणि जळणारा. हिंगोलीच्या प्रेक्षकाला हे दोन्ही पटतात, त्यात त्याला विरोध दिसत नाही.

एका माणसाचं नाटक

आता ऑपेराकडे. सोळाव्या शतकाच्या अखेरीला इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात काही विद्वान, कवी आणि संगीतकार एकत्र जमत. जुन्या ग्रीकांची नाटकं बोलली जात नव्हती, गायली जात होती, असं त्यांचं मत होतं. तसं काही आपणही करून पाहावं या खटपटीतून हा प्रकार जन्मला. क्लॉडिओ मॉन्तेव्हेर्दीचा 'ऑर्फियो' १६०७ साली मान्तुआत झाला. आजही नियमाने रंगमंचावर येणाऱ्या ऑपेरांत तो सर्वांत जुना.

ऑपेराची चाल दोन प्रकारच्या गाण्यांवर असते. एका प्रकारात पात्रं बोलल्यागत भरभर गातात. बातमी येते, भांडण होतं, कथा पुढे सरकते. दुसऱ्या प्रकारात कथा थांबते. एकच भावना, मोजके शब्द, आणि गायक त्यांच्याभोवती पुन्हा पुन्हा फिरतो. काळ पळवायचा कधी आणि रोखून धरायचा कधी, यावर सगळा खेळ असतो.

ज्याने गावच्या सप्ताहात कीर्तन ऐकलं आहे त्याला यात नवं काही वाटणार नाही. वारकरी कीर्तनात एक अभंग घेतात. मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला पखवाज, खांद्यावर वीणा घेतलेला विणेकरी. कीर्तनकार निरूपण करतो तेव्हा गोष्ट धावते: दृष्टान्त येतात, कोपरखळ्या बसतात, गावातली भाऊबंदकी निघते. मग तो चरणावर येतो आणि काळ थांबतो. तीच ओळ टाळकरी उचलतात, चाल बदलते, लय चढते, आणि अर्धा तास निरूपणाने जे साधलं नसतं ते त्या एका ओळीत होऊन जातं.

नारदीय कीर्तन तर बांधणीने नाटकाच्या आणखी जवळ. नमन, पूर्वरंग, नामगजर, उत्तररंग आणि आरती. पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, उत्तररंगात ते आख्यानातून दाखवायचं. मधे कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात. श्रोते पाय मोकळे करतात. आख्यानात राजा, राणी, प्रधान, दासी सगळ्या भूमिका तोच एक माणूस करतो. उपरण्याचा पदर डोक्यावर आला की राणी, कमरेला कसला की शिपाई. ऑपेराच्या कंपनीला गायक, नट, वादक आणि नेपथ्य उभं करायला गावभर माणसं लागतात. आपल्याकडे तो सगळा संसार एका उपरण्यात मावतो.

मराठी संगीत नाटकाची मुळं याच जमिनीत आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यातल्या पदांसाठी त्यांनी वापरलेले साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे प्रकार कीर्तनकारांच्या तोंडी आधीपासून होते. श्रोत्यांचे कान तयार होते. त्यांना फक्त रंगमंच नवा मिळाला. पुढे भाऊराव कोल्हटकर आले, मग बालगंधर्व आले, आणि नाटकाच्या पदांनी महाराष्ट्र वेडावला. मुंबईच्या ऑपेरा हाउसमध्ये युरोपीय ऑपेरापेक्षा आपल्या लोकांची गर्दी खेचली ती पुढे नाटकांनी आणि सिनेमांनी, हेही त्या इतिहासाला धरूनच झालं.

माइक नव्हता तेव्हा

यातली सर्वांत अचंब्याची गोष्ट आवाजाची. ऑपेराचा गायक आजही माइकशिवाय गातो. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा, आणि त्या कल्लोळाच्या वरून एकट्या माणसाचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. हे नुसत्या जोराने होत नाही. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात याचा उलगडा केला. वाद्यवृंदाचा जोर सर्वांत जास्त असतो तो ५०० हर्ट्झच्या आसपास; त्यावर तो उतरत जातो. शिकलेला गायक स्वरयंत्र खाली ठेवून, घशाची पोकळी रुंद करून ३००० हर्ट्झच्या जवळपास आवाजाला जादा धार आणतो. तिथे वाद्यं कमजोर असतात, आणि माणसाचा कान त्याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. गायक वाद्यांशी झुंजत नाही. ती जिथे नाहीत तिथून तो निघून जातो.

वारकऱ्यांनी हाच प्रश्न आपल्या परीने सोडवला. देवळापुढचं उघडं अंगण, हजारभर माणसं, आणि भोंगा नव्हता त्या शतकांत. पट्टी उंच धरली: काळी चार, काळी पाच. गळा मोकळा सोडला. टाळांचा झणत्कार वर राहतो, पखवाजाची धुम खाली राहते, आणि मधली वाट गळ्याला मोकळी मिळते. त्यात टाळकऱ्यांची साथ. बुवांनी म्हटलेली ओळ मागचे पंधरा-वीस जण एकमुखाने उचलतात. तेवढ्यात बुवांना दम घ्यायला उसंत मिळते, लांबच्या माणसाला ओळ पोचते, आणि दोन-चार आवर्तनांत ती सगळ्यांची पाठ होते. ध्वनिक्षेपक आणि पाठांतर, दोन्ही कामं एकाच योजनेत झाली.

पखवाजाचंही तसंच. नुसतं ताणलेलं कातडं थापलं तर धड सूर निघत नाही, कारण त्यातून उठणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या कारागिरांनी एका तोंडावर शाईचा काळा लेप दिला आणि दुसऱ्या तोंडाला कणीक लावली. कणकेने डावी बाजू जड होते आणि घुमते. शाईने उजवी बाजू सुरात येते. असं का होतं, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं: लेपाच्या वजनामुळे कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. नोबेल मिळायला अजून दहा वर्षं होती, आणि रामन यांच्या टेबलावर मृदंग होता. गावातला पखवाजी वाजवायला बसण्याआधी कणकेचा गोळा कमी-जास्त करत असतो, तेव्हा तो हेच गणित हाताने सोडवत असतो.

देऊळ फिरलं त्याची गोष्ट

शिल्प आणि गाणं, या दोन्ही वाटा औंढ्यात एका कथेत येऊन मिळतात. त्या कथेचे नायक या जिल्ह्याचेच. कयाधूकाठचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, जन्मसाल १२७०. संतमंडळीत गोरा कुंभारांनी थापटणं मारून सगळ्यांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. मग गुरूच्या शोधात नामदेव औंढ्याला आले. तिथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव चिडले, तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय जिकडे ठेवावेत तिकडे लिंग. नामदेवांचं मडकं तिथे भाजून निघालं.

दुसरी कथा कीर्तनाची. नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना उठवून देवळाच्या मागे पाठवलं. ते मागे जाऊन गायला लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्या समोर आलं. इतर शिवमंदिरांत नंदी महादेवाच्या समोर असतो. औंढ्याला तो देवळाच्या पाठीमागे आहे, आणि भाविक त्याकडे बोट दाखवून ही कथा सांगतात. वास्तुशास्त्राचा अभ्यासक नंदीच्या जागेची वेगळी कारणं शोधील. पण देऊळ फिरल्याची आठवण फक्त औंढ्यात राहिलेली नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि त्यातल्या एकात देवळातून उठवून दिल्याचा आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग आहे. हा ग्रंथ रागांनुसार लावलेला आहे, म्हणजे नर्सीच्या शिंप्याची ही गोष्ट पंजाबात आजही गाऊनच सांगितली जाते. नामदेवांच्या पंजाबातल्या वास्तव्याचं गाव घुमान. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.

मॉन्तेव्हेर्दीच्या ऑपेराचा नायक ऑर्फियस हा ग्रीक कथांमधला गवई. त्याच्या गाण्याने झाडं चालू लागत, दगड जागचे हलत, असं ग्रीक सांगत. औंढ्याच्या कथेत अख्खं देऊळ हललं. फरक आहे तो पुढचा. ऑर्फियस गातो ते आपल्या मेलेल्या बायकोला परत आणण्यासाठी. नामदेवांना मागायचं काहीच नव्हतं. गाण्याची जागा हिरावली गेली, आणि ते जिथे बसवलं तिथे गात राहिले. जे दगड वळले ते कोरीव होते, आणि ते वळले असं मानणाऱ्या लोकांनी त्या दगडांची आणि त्या गाण्याची सातशे वर्षं राखण केली. दगडातलं शिल्प आणि गळ्यातलं गाणं यांच्यातलं नातं सांगणारी याहून नेमकी गोष्ट मला ठाऊक नाही.

म्हणून एक सुचवणं आहे. औंढ्याला जायचं तर श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा. त्या दिवशी भिंतीकडे पाहायला कुणी थांबू देत नाही. सकाळी लवकर पोचा, दर्शन घ्या, आणि मग प्रदक्षिणा दोनदा घाला. पहिली भाविकाची, दुसरी प्रेक्षकाची. दुसऱ्या फेरीत लहान मुलांना बरोबर घ्या आणि त्यांना रुसलेली पार्वती आणि पर्वताखालचा रावण शोधायला लावा. मूर्तींना तेल, शेंदूर, कुंकू लावू नका. आठशे पावसाळ्यांनी जे केलं नाही ते आपल्या भक्तीचे थर पन्नास वर्षांत करतात. गावात सप्ताह असेल तर एका कीर्तनाला आरतीपर्यंत बसा, आणि माइकपासून दूर, टाळकऱ्यांच्या जवळ बसा. दसऱ्याला हिंगोलीला असाल तर पुतळा जळण्याच्या दिवशीच न जाता आधी एखाद्या रात्री रामलीला पाहा. एवढं झाल्यावर मुंबईचं ऑपेरा हाउस आणि जहांगीर गॅलरी जरूर गाठा. तिथलं तिकीट काढताना आपण परक्या दारात उभे आहोत, असं हिंगोलीच्या माणसाला वाटायचं काहीच कारण नाही.